काचेच्या कडेचा तुकडा

४ फेब्रुवारी

वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो हे माहीत आहे, म्हणूनच मुद्दाम म्हणतेय. घरात थट्टा करायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. आमच्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते तू राहून गेलीस तेव्हा बघितलंच आहेस. तुझा दादा पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. झोपला असं वाटावं आणि नेमकं त्याच वेळी आतून विचारतो, "कुणाशी बोलतेस?" म्हणून लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितेय. वाफेने कागद मऊ पडलाय, सांभाळून घे.

गेल्या वर्षी त्याच्या टाचेवरचा तो काळा डाग कापून काढला तेव्हा आपण सुटलो असं समजलो होतो. जन्मभर पोहायला शिकवत तलावाच्या फरशीवर अनवाणी हिंडणारा माणूस, त्याला भोवरी झाली असेल असंच सगळ्यांना वाटलं. तो तर ती दगडाने घासत बसायचा. मग जांघेत गाठ आली. आता छातीच्या फोटोत ठिपके दिसतात. सलाईनमधून जे औषध देत होते त्याचा काही उपयोग झाला नाही, असं डॉक्टरांनी परवा सांगितलं. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. तो मात्र डॉक्टरांच्या टेबलावरचं पेन सरळ करत बसला होता.

डॉक्टर म्हणतात, आता गोळ्यांचा एकच मार्ग आहे. पण गाठीच्या पेशींत अमुक एक प्रोटीन असेल तरच त्या गोळ्या लागू पडतात. आमच्या इथे तपासणी केली, पण पेशी मुळातच इतक्या काळ्या आहेत की वर चढवलेला तपकिरी रंग त्यात हरवून जातो. रिपोर्टात लिहिलंय, सांगता येत नाही. मला प्रोटीन म्हणजे अंड्यातलं, एवढंच माहीत. तू हेच काम करतेस ना? तुमच्याकडे होईल का हे? आणि झालं तर लवकर होईल का?

त्याला हे लिहिलेलं सांगितलेलं नाही.

तुझी वहिनी

&nbsp;

१० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. होईल. आमच्याकडे होईल.

आधी तुझं अंडं बाजूला ठेवते. तुझ्या लाँड्रीत प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आत पक्क्या शाईची खूण असते ना, कुठल्या घरचा ते कळायला? पेशींवर आणि पेशींच्या आत तशाच खुणा असतात, त्या प्रोटीनच्या. एक खूण सांगते की ही रंगाची पेशी आहे. एक सांगते की ती किती वेगाने वाढतेय. आणि एक आहे ती तुझ्या डॉक्टरांना हवी आहे. ती असली की समजायचं, या गाठीचं इंजिन एका ठरावीक बटणावर चालतं आणि ते बटण गोळीने बंद करता येतं. आम्ही गाठीचा पातळसा काप काचेवर घेतो, त्या एकाच खुणेला चिकटणारं पाणी त्यावर सोडतो आणि मग रंग. खूण असेल तर रंग धरतो, नसेल तर धुतला जातो. तुझ्या डॉक्टरांकडे तपकिरी वापरतात, तो काळ्यात दिसत नाही. आम्ही अशा गाठींना लाल लावतो.

दवाखान्यातून मेणाचा ठोकळा मागून घे. दादाच्या गाठीचा तुकडा त्यात बसवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. नीट बांधून आमच्या पत्त्यावर पाठव.

एक गोष्ट आहे. घरच्या माणसाचा ब्लॉक हाताळायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. कापायचं, रंगवायचं सगळं माझी मैत्रीण करेल. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे, तेव्हा काळजी करू नकोस. शेवटी बघून सही करतात त्या आमच्या मोठ्या बाई.

खूण सापडेल का, हे तू विचारलं नाहीस. सापडू शकते, एवढं नक्की.

दादाला माझ्याकडून एक गुद्दा. तो भिंतीकडे तोंड करून पडतो हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

तुझी, वन्सं नव्हे

&nbsp;

२१ फेब्रुवारी

वन्सं,

ब्लॉक पाठवला. दवाखान्यातल्या माणसाने तो हातावर ठेवला तेव्हा मी बघतच राहिले. काडेपेटीपेक्षा लहान, आणि मेणात मधे काळसर ठिपका. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीने आमच्या तोंडचं पाणी पळवलंय. रेशमी कपडे बांधायचा पातळ कागद घेतला, त्यात गुंडाळला, मग रुमाल, मग डबी. पोस्टातली बाई म्हणाली, "काही फुटणारं आहे का आत?" मला काय सांगावं कळेना. हो म्हटलं.

घरी काही चांगलं नाही. तो जेवत नाही. सूप पुढे ठेवलं तर दोन घोट घेतो, तेही माझ्यासाठी घेतल्यासारखे. तलावाचे मालक येऊन गेले, म्हणाले, मास्तर, नुसतं खुर्चीत बसून शिट्टी वाजवा, पोरं ऐकतात तुमचं. ते गेल्यावर हा मला म्हणाला, "ती शिट्टी खिळ्यावरून काढून ठेव, येता-जाता दिसते." मी काढली. कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवली आणि दार लावून तिथेच उभी राहून रडले.

काल रात्री अंथरुणात म्हणाला, "तू दुकान विकू नकोस हं." दुसरं काही नाही, एवढंच. मी त्याची पाठ चोळत राहिले. पाठीची हाडं हाताला लागतात आता. ज्या पाठीवर बसून तू तलाव पार करायचीस ना लहानपणी, तीच ही पाठ.

मला आता धीर धरवत नाही गं. मी सगळ्या गिऱ्हाइकांशी हसून बोलते आणि वाफेच्या यंत्रामागे जाऊन हुंदके देते, यंत्राचा आवाज होतो म्हणून बरं. तुला मोठं काही मागत नाही. एक चांगलं वाक्य पाठव. कुठलंही, पण चांगलं. ते घेऊन मी त्याच्या खोलीत जाईन.

तुझी वहिनी

&nbsp;

२ मार्च

वहिनी,

आहे. खूण आहे.

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. दुपारी मैत्रिणीने ट्रे बाहेर काढला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, नियम पाळत. ती चहाला गेली आणि माझा नियम तिच्यामागोमाग गेला. दादाची काच उचलली, मोठ्या बाईंच्या मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. लाल, वहिनी. पेशी न् पेशी लाल. मी इतक्या वर्षांत हजारो काचा रंगवल्या असतील, पण लाल रंग बघून कधी रडले नव्हते.

मोठ्या बाई परिषदेला गेल्यात, चार-पाच दिवसांनी येतील. त्यांची सही झाली की रिपोर्ट तुझ्या डॉक्टरांना जाईल आणि गोळ्या सुरू होतील. सही होईपर्यंत दादाला सांगू नकोस. तुझ्यापुरतं ठेव. पण तू तरी नीट जेव आज.

तातडीच्या डाकेने पाठवतेय.

तुझी

&nbsp;

५ मार्च

वन्सं,

सांगितलं. रागावू नकोस. तुझं पत्र घेऊन मी दुकानातून घरी आले ती चप्पल न काढता सरळ आत. तो तसाच भिंतीकडे. मी म्हटलं, "अहो, खूण आहे." त्याला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, बटण, गोळी, लाल रंग. तो उठून बसला. म्हणाला, "चष्मिसने बघितलं? स्वतःच्या डोळ्यांनी?" हो म्हटलं. मग म्हणाला, "शिट्टी कुठे ठेवलीस?"

आता ऐक. काल तो तलावावर गेला. रिक्षाने, काठी घेऊन, पण गेला. मीही दुकान बंद ठेवून मागे गेले. खुर्चीत बसला आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांवर ओरडून झालं. तो बँकेतला जाडा कारकून आठवतोय का? दोन वर्षं येतोय आणि कडेची दांडी सोडत नाही, तुझा दादा त्याला दांडीचा जावई म्हणतो. त्याला म्हणाला, "साहेब, मी बरा होतोय, आता तुम्ही पण काहीतरी करा." सगळे हसले. कारकुनाने एक हात सोडला.

रात्री तो पोटभर जेवला आणि मला म्हणाला, तू वाळलीस किती. मी वाळले म्हणे.

तुझे पाय धरावेसे वाटतात गं. धाकटी आहेस म्हणून राहू देते.

तुझी वहिनी

&nbsp;

७ मार्च

वहिनी,

हे पत्र बसून वाच. दादाच्या समोर वाचू नकोस.

मोठ्या बाई काल आल्या. दादाची काच बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाही गं. नाहीये." मी म्हटलं, बाई, मी बघितलं, लाल आहे. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, काच परत ठेवली आणि हळूहळू सरकवून दाखवली.

प्रत्येक काचेवर आम्ही दोन तुकडे ठेवतो. एक पेशंटचा. दुसरा अशा कुणाचा तरी, ज्याच्यात ती खूण आहे हे आधीच पक्कं माहीत असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. तो कडेला असतो. त्याला रंग चढला तर समजायचं की पाणी, रंग, वेळ सगळं नीट जमलं, आणि मग पेशंटच्या तुकड्याकडे बघायचं. मायक्रोस्कोप सगळं उलटं दाखवतो. डावीकडचं उजवीकडे दिसतं. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी हे मी शिकवते. त्या दिवशी मी पेशंटच्या बाजूला जायचं म्हणून काच सरकवली आणि कडेच्या तुकड्यावर जाऊन थांबले. तो तुकडाही तसाच, तसल्याच गाठीचा, तितकाच काळा. आणि दादाचा ब्लॉक मला हाताळू दिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या तुकड्याचा आकार कसा आहे हे मला माहीत नव्हतं. एकदा आकार बघितला असता तरी चूक झाली नसती.

जो लाल मी बघितला तो दुसऱ्याच कुणाचा होता. दादाच्या तुकड्यात काही नाही. मी बाईंच्या हातापाया पडून नवा काप काढून पुन्हा करायला लावलं. पुन्हा नाहीच.

काल मी फोन केला होता. तू घरी नव्हतीस, दादाने उचलला. म्हणाला, "काय चष्मिस, गोळ्या कधी पाठवतेस?" त्याचा आवाज तसा, आधीसारखा, तलावाच्या पलीकडून हाक मारल्यासारखा. मी म्हटलं, "काही नाही रे, सहज केला." आणि ठेवला. मला सांगता आलं नाही. मला काही सुचत नाही, वहिनी. मी काय केलं हे.

&nbsp;

१३ मार्च

तुझं पत्र आलं त्याला चार दिवस झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा फाडलं. दोन्हींत तुला जे लिहिलं होतं ते तू वाचायला नको होतं.

आमच्याकडेही कपडे बदलतात. एकाचा शर्ट दुसऱ्याच्या घरी जातो. तो माणूस तावातावाने दुकानात येतो, आपण माफी मागतो, शर्ट परत आणून देतो, वर इस्त्री फुकट करून देतो. हे कसं परत आणू मी? त्याच्या अंगावर चढवलं गं मी ते. बटणं लावून दिली.

तो रोज तलावावर जातो. कालपासून धाप लागते, तरी जातो. म्हणतो, गोळ्या सुरू झाल्या की ही धाप जाईल. डॉक्टरांची भेट महिन्याच्या शेवटी आहे. तिथे रिपोर्ट समोर येणारच, मला लपवता येणार नाही, मला ठाऊक आहे. पण तोवर मी सांगणार नाही. तू फोन करायचा नाहीस. आलीस तर दारातून परत पाठवीन. तू माझ्या हातात ते वाक्य दिलंस, आता ते कधी काढून घ्यायचं ते मी ठरवणार.

आणि हो, मीच मागितलं होतं. कुठलंही पण चांगलं, असं मीच लिहिलं होतं. तेही विसरता येत नाही, म्हणून जास्त चीड येते.

वहिनी

&nbsp;

१७ मार्च

वहिनी,

तू म्हणशील ते. फोन करणार नाही.

पण एक ऐक. त्याला दवाखान्यात, डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा कळू देऊ नकोस. तिथे तो पेन सरळ करत बसेल आणि सगळं आत जाईल. तू सांग. तुझ्याकडून ऐकलं तर तो निदान तुझ्यावर ओरडेल.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. तळपायाच्या गाठींत ही खूण फार थोड्यांमध्ये सापडते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "सापडू शकते" असं लिहिलं तेव्हा मी दहा वेळा तो शब्द बदलला होता. बहुतेक म्हणूनच डोळा लावल्याबरोबर लाल दिसला आणि मी पुढे काही बघितलंच नाही. मला तोच बघायचा होता.

मैत्रीण माझ्याशी धड बोलत नाही. बाईंनी मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागतं. आता मी काच उचलली की काचेवर लिहायच्या पेन्सिलीने दोन तुकड्यांच्या मधे एक रेघ ओढते. प्रत्येक काचेवर. कुणी सांगितलेलं नाही.

दारातून परत पाठव, पण मला येऊ दे. तू म्हणशील तेव्हा.

&nbsp;

३० मार्च

ए चष्मिस,

माझं अक्षर बघून दचकू नकोस, अजून आहे मी.

तुझ्या वहिनीने सांगितलं. दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, आमच्या आधी एकच माणूस उरला होता तेव्हा. सगळं सांगितलं, काच, कड, उलटं-सुलटं. मग आमचा नंबर पुकारला. आम्ही उठलोच नाही. त्या पुकारणाऱ्या बाईने तीनदा पुकारलं, शेवटी येऊन बघून गेली.

लहानपणी तुला गॉगल दिला की तू उलटा लावायचीस आणि पाणी शिरलं की मला शिव्या द्यायचीस. तुझं कुठलं टोक कधी सरळ होतं? तेव्हा जे झालं ते झालं. रडत बसू नकोस, काचा खराब होतील.

एक विचारायचं आहे. तो तुकडा कुणाचा होता? म्हणजे ज्याचा तुकडा माझा समजून तू रडलीस, तो माणूस कोण? त्याला गोळ्या मिळाल्या का? बरा झाला का? मिळाल्या असतील तर माझ्या वाट्याचा आनंद अगदीच चुकीच्या घरी गेला नाही, असं म्हणता येईल. बघ शोधून.

ते दिवस मात्र माझ्याकडून परत मागू नका. दोघीही. मी ते वापरले. त्या दांडीच्या जावयाने परवा दोन्ही हात सोडले. पाण्यावर पडून राहिला, पोट वर, डोळे गच्च मिटलेले, आणि सगळा तलाव गप्प. मी शिट्टी वाजवायचीसुद्धा विसरलो.

आता जे लिहितोय ते तुझ्या वहिनीला दाखवू नकोस. मला मरायचं नाही. अजिबात नाही. लोक म्हणतात माणसाला शेवटी शेवटी कळतं, मन शांत होतं. मला काही होत नाही तसं. सकाळी जाग आली की पहिल्यांदा एवढंच वाटतं, आज नको, आणि उद्याही नको. तिच्यासमोर म्हणता येत नाही, ती इस्त्री करता करता माझ्याकडे बघत असते. कुणाला तरी म्हणायचं होतं. तुला म्हटलं.

लवकर ये. दारातून कुणी परत पाठवणार नाही, मी सांगून ठेवलंय.

दादा

&nbsp;

१९ ऑगस्ट

वहिनी,

दादा जाऊन तीन महिने होत आले. मी तुमच्याकडून निघाले तेव्हा तू पिशवीत सगळे कपडे इस्त्री करून भरून दिलेस, तेवढंच. मला वाटलं होतं आता तू कधी लिहिणार नाहीस. तसं तू लिहिलंही नाहीस, मीच लिहितेय.

दादाने विचारलं होतं तो तुकडा कुणाचा. तो असतानाच मी शोधत होते. नाव नाही, वहिनी. कंट्रोलच्या ब्लॉकला फक्त एक आकडा असतो. फार वर्षांपूर्वीचा आहे, बाईंच्याही आधीचा. त्या माणसाला गोळ्या मिळाल्या का, तेव्हा त्या निघाल्या तरी होत्या का, कुणी सांगू शकत नाही. दादाला मी शेवटी म्हटलं होतं, मिळाल्या रे, बरा झाला. ते खोटं होतं. तो "चला" म्हणाला आणि डोळे मिटले. त्याला खरं वाटलं की नाही, माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तो ब्लॉक संपला. काप काढत काढत मेण उरलं, त्यातलं माणूस संपलं.

आता जे विचारायचं आहे ते विचारवत नाही. दादाचा ब्लॉक अजून आमच्याकडे आहे. त्याच्यात ती गोळ्यांची खूण नव्हती, पण दुसरी, रंगाच्या पेशीची, ती इतकी ठसठशीत आहे की बाई म्हणाल्या, इतका चांगला तुकडा बऱ्याच वर्षांत बघितला नाही. त्या खुणेसाठी आम्हाला कंट्रोल हवा आहे. म्हणजे कुणाच्याही अंगावर काळा डाग निघाला आणि तो साधा की वाईट हे ठरवायचं असलं, की त्याच्या तुकड्याशेजारी काचेच्या कडेला दादाचा तुकडा. रोज. वर्षानुवर्षं. घरच्यांची परवानगी लागते. बाई म्हणाल्या, तुझ्या वहिनीला तू विचार, आणि नाही म्हणाली तर तिथेच विषय संपला.

नाही म्हण हवं तर. मला स्वतःला कळत नाही मला काय हवंय.

तुझी

&nbsp;

२ सप्टेंबर

वन्सं,

बघ, म्हटलं की नाही वन्सं. म्हणजे राग संपला असं समजू नकोस. थोडा आहे, राहू दे तो.

तुझं पत्र वाचून आधी मी भडकले. म्हटलं, टाच घेतली, गाठ घेतली, तो घेतला, आता उरलेल्या ठिपक्यालाही कामाला लावणार. दिवसभर गिऱ्हाइकांशी तुसडेपणाने वागले. संध्याकाळी तो जाडा कारकून शर्ट न्यायला आला. पैसे देऊन निघाला आणि दारात थांबून म्हणाला, "वहिनी, मी आता खोल पाण्यात जातो." एवढं बोलून गेला. मी त्याच्या शर्टाची पावती हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी होते.

त्याने तुला काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून लिहायची सवय माझी, त्याने तीच उचलली. वाफेने शाई झिरपून खालच्या कापडावर सगळं उमटलं होतं, त्याला मरायचं नव्हतं ते. ते कापड मी धुतलेलं नाही. तुला सांगणार नव्हते, पण आता आपल्या दोघींमधे काही लपवायचं नाही.

ठेव त्याला कडेला. माझी परवानगी आहे. सही करून कागद सोबत पाठवतेय.

पण तुझी ती रेघ विसरू नकोस. त्याचा तुकडा आणि दुसऱ्याचा, मधे ठळक रेघ. कधीतरी कुणाची तरी बहीण, बायको, कुणीतरी, घाईघाईने डोळा लावेल आणि माझ्या माणसाला आपला समजून बसेल. आमच्यासारखं दुसऱ्या घरी व्हायला नको. ती शोधायला लागली तर तिला सांग, हा आमचा मास्तर आहे, तुमचं माणूस रेघेच्या पलीकडे आहे.

आणि एक कर. तू लिहिलं होतंस की कडेच्या तुकड्याला रंग चढला तर समजायचं, सगळं नीट जमलं. मग त्याची पहिली काच होईल त्या दिवशी मला पत्र पाठव. मोठं नको. मी तुझ्याकडे एकदा एक चांगलं वाक्य मागितलं होतं, आठवतं? तेच पुन्हा मागतेय. रंग चढला, एवढंच लिही. या वेळी ते खरं असेल.

तुझी वहिनी